आमचं वावर नकाशात गडद हिरवं होतं

मला सापाची भीती वाटत नाही. विजेची वाटत नाही. सासूची तर कधीच वाटली नाही, उलट तीच मला वचकून असायची. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतात, असं माझा नवरा म्हणतो. पण पन्नाशी उलटल्यावर मी एका कागदाला भ्याले. त्या भीतीपोटी जे करून बसले ते इथे लिहिते आहे, कारण तोंडाने सांगायची अजून छाती होत नाही.

आमचं तीन एकर वावर वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून आहे. आसेगावकडून लग्न होऊन आले तेव्हा घरून वावरात जायला अर्धा तास चालावं लागायचं. आता गावच चालत चालत वावरापाशी येऊन ठेपलं आहे. मंगरूळपीरच्या एसटीत खिडकीशी बसलं की दिसतं, जिथे तूर उभी राहायची तिथे चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि प्लॉट विकणे आहे अशी पाटी. खांब रोवून वर्षं झाली तरी घर एक नाही. ना पीक, ना माणूस, नुसती गाजरगवताची पैदास. ते पाहिलं की माझं डोकं फिरायचं. जमिनीला काही बोलता येत नाही म्हणून तिचं काहीही करायचं काय, असं मी एसटीत शेजारी बसेल त्याला विचारायची. बिचारा पुढच्या थांब्याला जागा बदलायचा.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच एका जोडप्याचं अडीच एकर आहे. ती बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी तिला पोरी म्हणते, ती मला काकू म्हणते. आमच्या वावरात विहीर आहे, म्हणून आमचं ओलिताचं. त्यांचं कोरडवाहू. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की नवराबायको भांडीकुंडी बांधून ऊसतोडीला जातात ते पाडव्याच्या सुमारास परत येतात. तोवर त्यांचं वावर नुसतं पडून असतं. आमच्या भागात याचं कोणाला नवल नाही, पाणी नसेल तर हिवाळ्यात पेरायचं तरी काय?

जायच्या आदल्या दिवशी ती दर वर्षी येते. म्हणजे यायची. उभ्या उभ्याच सांगायची, "काकू, वावराकडे ध्यान ठेवजा. कोनी धुरा कोरला तं फोन करजा." मीही ते काम मनापासून केलं. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने पाडलेल्या घराचा मलबा त्यांच्या वावरात ओतायला घेतला, तर मी ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिले आणि त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्याने अर्धी ट्रॉली तशीच परत नेली. ती परत आल्यावर मी हे तिला दोनदा सांगितलं, एकदा हसत आणि एकदा उगाच.

हद्दवाढ झाली आणि आमची वावरं कागदावर नगर परिषदेत गेली. मग गावाचा विकास आराखडा करायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात आम्ही वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढपाळ आपला कळप चार-आठ दिवस वावरात बसवतो, लेंड्या पडतात, त्याच्यासारखं खत दुसरं नाही. तर तेव्हा दोन पोरं तीन पायांचं यंत्र घेऊन आली. वावर नांगरलेलं, उघडं, त्यात मेंढ्या आणि मेंढपाळाचं पाल. मी त्यांना माठातलं पाणी दिलं. कोणाचं, किती, एवढंच त्यांनी विचारलं आणि काहीतरी टिपून घेतलं. इथे पावसाळ्यात काय असतं, हिवाळ्यात काय असतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उन्हाळ्यात वावर उघडंच असतं हे काय सांगायचं असतं?

पुढे दिवाळीनंतर नकाशा नगर परिषदेच्या भिंतीवर लागला. ज्याला हरकत असेल त्याने महिन्याभरात लेखी द्यावी, असं खाली लिहिलेलं. गल्लीत बारावी शिकलेली बाई मी एकटीच, कोणाचाही कागद वाचायला माझ्याकडेच येतो, तेव्हा नकाशा पाहायलाही मीच गेले. भिंतीवर एवढी थोरली चादर लावावी तसा तो कागद. गावाचा भाग पिवळा, बाजाराचा निळसर, आणि बाहेर सगळीकडे पोपटी. रंगांची यादी खालच्या कोपऱ्यात होती आणि त्या कोपऱ्यापुढे कपाट होतं. मी आमचा गट नंबर शोधला. आजूबाजूला पोपटी आणि आमचं तेवढं छान गडद हिरवं. शेजारणीचं पोपटी. मला लगेच उमगलं की आमचं ओलिताचं म्हणून गडद आणि त्यांचं कोरडवाहू म्हणून फिकट.

हसा. मीही आता हसले असते, पण हसायला येत नाही. जिने आयुष्यभर वावराचा रंग पाहून पाणी किती ते ओळखलं, तिला दुसरं काय सुचणार होतं?

घरी येऊन मी पुरण घातलं. नवऱ्याला सांगितलं की आपलं वावर हिरव्यात आहे, आता कोणाचा बाप आला तरी इथे प्लॉट पडत नाहीत. त्याच दुपारी शेजारणीला ऊसतोडीच्या फडावर फोन लावला. ती घाबरली होती. यावं का काकू, म्हणून विचारत होती. आराखड्याचं तिच्याही कानावर गेलं होतं. मी म्हटलं, कायले येतं, तुमचंही हिरवंच आहे, खाडा पाडू नको, मी आहे ना इथे. ते खरंच होतं. त्या दिवशी तिचं वावर शेतीतच होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पंधरा दिवस मी राणीसारखी फिरले. मग बसस्टँडवर प्लॉटांची दलाली करणारा एक जण चहा पिता पिता म्हणाला, काकू, मजा आहे तुमची, वावरात बगीचा होऊन राह्यला, घसरगुंडी लागणार. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. पण बोलता बोलताच कपाटामागे राहिलेली रंगांची यादी आठवली. तशीच नगर परिषदेत गेले, शिपायाला कपाट सरकवायला लावलं आणि खालची यादी वाचली. पोपटी म्हणजे शेती. गडद हिरवा म्हणजे आरक्षण, उद्यान व क्रीडांगण.

तिथला अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली. गाव वाढतंय, म्हणाला, नुसती घरंच घरं होतील, पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला जागा नको का? आणि गावाभोवतीची शेती वाचावी म्हणूनच तर बाहेर एवढा पोपटी पट्टा ठेवला आहे. त्या पट्ट्याला आणि गावाला जोडणारी एक मोकळी जागा हवी होती, पाहणीत तुमची मोकळी निघाली. हे सगळं मला पटत होतं, हेच माझं दुर्दैव. एसटीत मी याहून वेगळं काय बोलत होते? शेती वाचली पाहिजे, जमीन मोकळी राहिली पाहिजे. फक्त त्यात माझी कापली जाईल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून भीतीने माझा ताबा घेतला. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की वाटायचं, मोजायला आले. कोणी हातात टेप घेऊन दिसला, मग तो गवंडी का असेना, मी वाट बदलायची. गहू ओंबीवर आला होता आणि मला त्याच्या जागी फरशी दिसायची. जेवण जाईना. नवऱ्यावर ओरडायचं बंद झालं, तेव्हा त्याला कळलं की प्रकरण साधं नाही. आमचं दुसरं काही नाही हो. तीन एकर, एक विहीर आणि आम्ही दोघं. मोबदला मिळतो म्हणतात, पण मोबदला पेरता येतो का?

मुदत संपायला चार दिवस उरले होते. तहसीलबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसतो, त्याच्याकडे गेले. त्याने सातबारा पाहिला, विहिरीची नोंद पाहिली, गव्हाचे फोटो लावायला सांगितले. मग म्हणाला की नुसतं नको म्हटल्याने कोणी ऐकत नाही, त्यांना जागा तर पाहिजेच. आमची नको तर कोणती घ्या, ते लिहा, म्हणजे तुमच्या अर्जाला वजन येतं.

मी म्हटलं, मला काय माहीत कोणती. तो म्हणाला, लागून काही पडीत आहे का?

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. घरी जाऊन नवऱ्याला विचारायला हवं होतं. पण त्या म्हाताऱ्यापुढे रांग होती, चार दिवस उरले होते, आणि माझ्या मनात दुसरं काही शिरतच नव्हतं. मी शेजारणीचा गट नंबर सांगितला. त्याने लिहिलं की सदर जागा दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत कोणत्याही पिकाविना मोकळी असते व मालक गावात राहत नाहीत. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. मी सही केली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा भाकरी मोडत होता. माझा नवरा फार बोलत नाही. तो म्हणाला, "तू त्याईचं वावर दाखवून आली?"

मी म्हटलं, मग काय आपलं देऊ? ते काही लगेच घेतात थोडीच, नुसतं सुचवलंय. त्याने भाकरी झाकून ठेवली आणि वावरात निघून गेला. मी रात्रीपर्यंत त्याला शिव्या दिल्या, म्हणजे मनातल्या मनात स्वतःलाच.

शेजारणीला फोन करायचा होता. मुदत अजून उरली होती, मालकाने स्वतः येऊन हरकत दिली असती तर काही झालं असतं. मी रोज फोन हातात घेत होते. नंबर काढायचा, पाहायचा, ठेवून द्यायचा. ती आली तर विचारील की काकू, आमचं नाव कोणी घेतलं? त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी तिला बोलावलं नाही. वावर जाण्याची भीती एक होती, त्यावर आता ही दुसरी चढली, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी निघाली.

सुनावणीला मी नवी साडी नेसून गेले. टेबलामागे तिघं. फोटो पाहिले, सातबारा पाहिला. त्यातल्या एकाने विचारलं की ही बाजूची जागा खरंच पडीक आहे का? मला वाटलं होतं मी म्हणीन, नाही साहेब, ते लोक पावसाळ्यात सोयाबीन काढतात, चांगलं काढतात, दोघं राबतात, पाणी नाही म्हणून पोटासाठी बाहेर जातात. सगळी वाक्यं जिभेवर होती. ज्या तोंडाला गल्ली घाबरते त्या तोंडातून "हो साहेब, पडीक आहे" एवढंच निघालं. पुढच्या माणसाला आत बोलावलं.

होळीच्या आसपास सुधारलेला नकाशा लागला. आमचं पोपटी, त्यांचं गडद हिरवं. शेवटची मंजुरी वरून यायची होती, पण गावात सगळे म्हणाले की आता तुमचं सुटलं. मी पेढे वाटले नाहीत. घरी आले आणि पांघरूण घेऊन निजले, भर दुपारी, मार्चच्या उन्हात.

पाडव्याला दोन दिवस असताना ती दोघं परतली. दर वर्षी ती तिकडून माझ्यासाठी गुळाची ढेप आणते, तशी याही वर्षी आणली. उन्हाने काळवंडली होती, हातांवर पाचटाचे ओरखडे. वावर जसंच्या तसं आहे काकू, म्हणाली, एक गोटा हालला नाही, तुमच्यामुळे. मी चहा ठेवायला आत गेले आणि चुलीपाशी उभी राहिले. तेव्हा सांगता आलं असतं. चहा उतू गेला, तो पुसला, उरलेला तिला दिला. गुळाची ढेप डब्यात टाकली, तिला मुंग्या लागेपर्यंत आम्ही दोघांनीही तिला हात लावला नाही.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. हातात झेरॉक्स कागद होता. नगर परिषदेत गेलती, म्हणाली, कोणीतरी सांगितलं की आपल्या वावराचं काही झालं आहे, तर हा कागद दिला. वाचा बरं काकू, काय लिहिलं आहे.

ती जमिनीवर बसली. मी चष्मा लावला. तो फेरबदलांचा तक्ता होता. आरक्षण उद्यान व क्रीडांगण, पूर्वीचा गट आमचा, नवीन गट त्यांचा. शेवटच्या रकान्यात कारण: लगतच्या अर्जदाराने सुनावणीत सुचविलेल्या पर्यायानुसार. त्यापुढे आमचा गट नंबर. अक्षरं अगदी ठळक होती, चष्म्याशिवायही वाचता आली असती.

मी वाचलं. तिचा गट नंबर वाचला, आरक्षण वाचलं, त्याचा अर्थ समजावून सांगितला. कारणाच्या रकान्यापाशी आले आणि म्हणाले, पुढे सरकारी भाषेत काहीबाही आहे. कागद घडी करून तिला परत दिला.

ती उठली नाही. कागदाची घडी तिने पुन्हा उघडली, मांडीवर सरळ केली. रडेल असं वाटलं होतं मला, ओरडेल असं वाटलं होतं, मला तर ते हवंही होतं. ती शांतपणे म्हणाली, "मले तठीच, हापिसात, वाचून दाखवलं होतं काकू. तुमी वाचता का नाई, तेवढं पाहाले आलती."

मग ती गेली. चप्पल घालताना तिने माझ्या दाराच्या चौकटीला हात टेकला, इतकंच मला आठवतं. मी तिच्यामागे गेले नाही. माणूस आपल्याच घरात किती वेळ एका जागी उभा राहू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

नवऱ्याने सांगून पाहिलं की जाऊन लिहून दे, ते वावर पडीक नाही, माझी चूक झाली. मी म्हटलं, आणि मग आपल्यावर आलं तर? हे मी दोन-तीन वेळा म्हटलं आणि प्रत्येक वेळी मला माझीच शिसारी आली, तरी मी गेले नाही. मंजुरी अजून आलेली नाही. म्हणजे जायला अजून वेळ आहे, आणि वेळ आहे म्हणूनच भीती संपत नाही.

या दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेली नाही. तोडीला जोडीनेच घेतात, एकट्याला कोणी उभं करत नाही, म्हणून तिचा नवरा कुठे बांधकामावर गेला आणि ती मागे राहिली. सोयाबीन काढलेल्या वावरात तिने हरभरा पेरला. ओल कमी होती, उशीरही झाला होता. हरभरा वीतभर वर आला आणि पिवळा पडायला लागला. तशी ती नाल्यातल्या डबक्यातून घागर भरून आणू लागली. अडीच एकराला घागरीने पाणी! पोटभर पाणी द्यायला नाही ते, हे तिलाही कळत होतं. बांधाकडच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या दोन-चार ओळींनाच ती पाणी घालत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला वावरात पीक दिसलं पाहिजे. कोणी मोजायला आलं तर त्याला काही उभं दिसलं पाहिजे.

इकडे आमच्या गव्हात मोटर चालू होती. पाणी सरीसरीने पुढे जात होतं आणि धुऱ्याच्या पलीकडे ती घागर घेऊन वाकलेली. तीन दिवस मी पाहिलं. चौथ्या दिवशी पाइप ओढत धुऱ्यापर्यंत नेला, तोंड तिच्या बाजूला टाकलं आणि म्हटलं, पोरी, घे, हरभरा भिजव सगळा, मोटर रात्रभर चालू ठेवते.

तिने घागर खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. पाइपातून पाणी तिच्या वावरात यायला लागलं तसा तिने पायाने पाइप उचलून परत माझ्या बाजूला सारला, हळूच, हिसडा देऊन नाही.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "तुमचं पानी घेतलं तं तुमी तेही लिहून द्याल."

मी मागे फिरले आणि मोटर बंद केली.